ओडाचं चॅपेल: चूल पेटत राहिली म्हणून वाचलेल्या भिंती

डिअरहर्स्ट गावातल्या ‘ॲबट्स कोर्ट’ या जुन्या शेतघरात कित्येक पिढ्या ज्या खोलीत स्वयंपाक रांधला गेला, ती खोली मुळात चॅपेलचं मुख्य दालन होतं. पलीकडची निजायची खोली म्हणजे त्या चॅपेलचा गाभारा. मधल्या कमानीवर गिलावा, खिडक्यांवर गिलावा, अर्ध्या उंचीवर तुळया टाकून वर आणखी एक मजला काढलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचं ते एक बऱ्यापैकी मोठं शेतकऱ्याचं घर. त्याच्या पोटात नॉर्मन स्वारीच्याही (फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं त्याच्या) आधी बांधलेलं, जवळजवळ अख्खं उपासनागृह दडलंय हे गाव पार विसरून गेलं होतं.

हे गाव इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये, सेव्हर्न नदीच्या पूर्व काठावर आहे. ट्यूक्सबरी हे बाजाराचं गाव तिथून चार-पाच किलोमीटरवर. ‘ओडाचं चॅपेल’ आज इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहे, कायद्याने संरक्षित आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. मध्ययुगीन खेड्यातली एक छोटी वास्तू टिकते कशी, आणि ‘टिकवायची’ असं ठरल्यावर तिचं नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला हे प्रकरण फार सोयीचं आहे. सगळा मामला एवढासा आहे की एका नजरेत मावतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. चॅपेल म्हणजे गावाचं चर्च नव्हे. गावाचं चर्च वेगळं, ते हाकेच्या अंतरावर आहे: सेंट मेरीज. एकेकाळी तिथे मठ होता. ते चॅपेलहूनही जुनं आणि कितीतरी मोठं आहे. आपल्याकडे ग्रामदैवताचं देऊळ वेगळं आणि सरदाराच्या वाड्यातलं देवघर वेगळं, तसाच हा फरक. ओडा हा तो सरदार. (मराठी कानाला ‘ओढा’ ऐकू येतं खरं. शेजारी सेव्हर्नसारखी पुराची नदी असताना ते अगदीच अस्थानी नाही, पण नाव माणसाचं आहे.)

ओडा हा राजा एडवर्ड द कन्फेसरच्या मर्जीतला अर्ल, बहुधा त्याच्या नात्यातला. १०५१ मध्ये गॉडविन या बलाढ्य अर्लला देशोधडीला लागावं लागलं, तेव्हा त्याच्या ताब्यातल्या मुलखातला सॉमरसेट, डेव्हन, डॉर्सेट, कॉर्नवॉल हा नैर्ऋत्येचा भाग ओडाकडे आला. वर्षभरात गॉडविन परतला आणि तो मुलूख गेला. राजाने ओडाला मग सेव्हर्नच्या खोऱ्यात अधिकार दिला. १०५३ च्या डिसेंबरात त्याचा भाऊ एल्फ्रिक डिअरहर्स्टमध्येच वारला. त्याच्या आत्म्यासाठी ओडाने हे चॅपेल बांधलं. चॅपेलचं समर्पण झालं आणि पाचव्या महिन्यात, ३१ ऑगस्ट १०५६ ला, ओडा स्वतः गेला. मरणाआधी त्याने संन्यास घेतला होता. त्याला पुरलं ते इथे नाही, पर्शोरच्या मठात.

एवढं नेमकं आपल्याला कळतं ते एका दगडामुळे. या प्रकरणाचा जीवही त्या दगडातच आहे.

१६७५ मध्ये गावातल्या एका फळबागेत एक कोरीव शिळा सापडली. त्यावरच्या लॅटिन मजकुराचा आशय असा: अर्ल ओडाने, या जागी देह सोडलेल्या आपल्या सख्ख्या भावाच्या, एल्फ्रिकच्या, आत्म्यासाठी, पवित्र त्रयीच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) सन्मानार्थ हे राजगृह बांधवून घेतलं आणि समर्पित केलं, समर्पणाचा विधी बिशप एल्ड्रेडने केला, एप्रिलच्या ईड्सच्या आदल्या दिवशी, इंग्लिशांचा राजा एडवर्ड याच्या राज्याच्या चौदाव्या वर्षी.

तारीख कशी निघते ते बघण्यासारखं आहे. रोमन पंचांगात एप्रिलचा ईड्स म्हणजे १३ तारीख, त्याच्या आदला दिवस १२. वर्षासाठी राज्यारोहणाकडे जावं लागतं. एडवर्ड गादीवर आला १०४२ च्या जूनमध्ये आणि त्याला मुकुट चढला ३ एप्रिल १०४३ ला. मोजणी गादीवरून करा की मुकुटापासून, चौदाव्या वर्षातला १२ एप्रिल दोन्ही हिशेबांनी १०५६ मध्येच पडतो. शिलालेखांच्या कालगणनेत इतकं निर्विवाद उत्तर क्वचित मिळतं. आपल्याकडे शक, संवत्सर, गत की चालू या प्रश्नांवर किती शाई खर्ची पडलीय हे ज्यांना माहीत आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

आणि तो बिशप एल्ड्रेड म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. पुढे तो यॉर्कचा आर्चबिशप झाला आणि १०६६ च्या नाताळात इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यम द कॉन्कररच्या डोक्यावर मुकुट ठेवणारे हात त्याचेच. म्हणजे अँग्लो-सॅक्सन, म्हणजे नॉर्मनांआधीच्या, इंग्लंडचा पडदा पडण्याआधी दहा वर्षं, त्या पडद्याची दोरी ज्याच्या हातात येणार होती तोच माणूस या खेड्यात उभा राहून एका भावाने दुसऱ्यासाठी बांधलेल्या छोट्या खोलीवर पवित्र पाणी शिंपडत होता.

शिळा सापडली, वाचली गेली, ऑक्सफर्डला पोहोचली. आज ती तिथल्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. पण शिळेवर लिहिलेलं ‘राजगृह’ कुठे होतं? डिअरहर्स्टमध्ये जुनी म्हणावी अशी धार्मिक वास्तू लोकांना एकच ठाऊक होती, सेंट मेरीज. तेव्हा लेख तिचाच असं धरलं गेलं. लेखात मेरीचं नाव नाही, त्रयीचं आहे. मठाचा उल्लेख नाही, ‘राजगृह’ म्हटलंय. विसंगती डोळ्यांसमोर होती, पण दुसरी वास्तूच ‘अस्तित्वात’ नसल्यामुळे ती गिळून टाकणं सोपं होतं. पुरावा चुकीच्या जागी चिकटवला गेला, आणि त्यासोबत तारीखही. शेकडो वर्षं जुन्या चर्चच्या गळ्यात १०५६ सालाची पाटी अडकली. खरी वास्तू तेवढा काळ शेजारीच धुराने काळी होत उभी होती.

ही घटना मला संशोधनातल्या चुकीपेक्षा बघण्यातली चूक वाटते. शिलालेख सापडला की त्याला साजेशी भव्य इमारत शोधायची आपली खोड असते. स्वयंपाकघर कोण तपासणार?

तपासलं ते गावच्या धर्मगुरूने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड जॉर्ज बटरवर्थ हे डिअरहर्स्टचे व्हिकर होते आणि गावाच्या जुन्या अवशेषांचा त्यांना नाद होता. ॲबट्स कोर्टच्या डागडुजीत गिलाव्याखालून सॅक्सन बांधणीचं काम डोकावलं आणि धागे जुळू लागले. मग या घराच्या बांधकामातच वापरलेला आणखी एक कोरीव दगड हाती आला. त्यावरचा लेख वेदीच्या समर्पणाचा होता आणि त्यातही पवित्र त्रयीचंच नाव होतं. फळबागेतली शिळा आणि घरातला दगड एकाच वास्तूचं नाव घेत होते. दोन शतकांहून अधिक काळाने लेखाला त्याची इमारत सापडली.

भिंत कशी वाचायची

आकार सांगायचा तर मुख्य दालन सुमारे २५ फूट लांब, १६ फूट रुंद. पण भिंती जवळजवळ १७ फूट उंच. रुंदीपेक्षा उंची जास्त, त्यामुळे आत उभं राहिलं की आपण एखाद्या उभट पेटीत असल्यासारखं वाटतं. ही उभट ठेवण अँग्लो-सॅक्सन चर्चांची ओळखच आहे. गाभारा त्याहून लहान, मधे साधी गोल कमान, तिच्यावर नक्षी जवळपास नाहीच.

कोपऱ्यांकडे पाहावं. भिंतीचं अंग ओबडधोबड दगडांचं, पण कोपऱ्याला घडीव चिरे आहेत: एक उभा, उंच, त्यावर एक आडवा, चपटा, भिंतीत खोल रुतलेला, पुन्हा उभा, पुन्हा आडवा. उभा दगड उंची देतो, आडवा त्याला भिंतीशी जखडतो. सॅक्सन गवंड्यांची ही खास लकब. गिलाव्याखाली अशी लकब दिसली की जाणकाराला अख्खं घर सोलून पाहायची गरज उरत नाही.

दुसरी खूण खिडक्यांची. नॉर्मन पद्धतीची खिडकी बाहेरून चिंचोळी आणि आतल्या बाजूला रुंदावत जाणारी असते. इथल्या खिडक्या दोन्हीकडे रुंदावतात. सगळ्यात अरुंद भाग भिंतीच्या जाडीच्या मधोमध, तिथून बाहेरही उतार आणि आतही उतार. काच दुर्मीळ असलेल्या काळात भोक लहान ठेवायचं, वाराथंडी कमी घ्यायची, तरी उजेड पसरू द्यायचा, असा त्यामागचा हिशेब.

आता या खुणांना तारीख जोडा. इंग्लंडमध्ये सॅक्सन काळाचं दगडी काम असलेली चर्चं बरीच आहेत, पण स्वतःची तारीख स्वतः सांगणारी फारच थोडी. जॅरोच्या चर्चमध्ये ६८५ सालची समर्पणशिळा आहे, यॉर्कशायरमध्ये कर्कडेलला १०५५ ते १०६५ या दशकात बसणारं लेख कोरलेलं सूर्यघड्याळ आहे. त्या मोजक्या रांगेत ओडाचं चॅपेल येतं, तेही बऱ्यापैकी अख्खं. अशी कोपऱ्याची बांधणी आणि अशा खिडक्या १०५६ मध्ये नक्की चालू होत्या, हे या एका खोलीमुळे ठामपणे म्हणता येतं, आणि मग तिच्या आधाराने तारीख नसलेल्या इतर चर्चांचा काळ ताडून बघता येतो. मोजपट्टीच म्हणा ना.

सहज आठवलं म्हणून: अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलाहार लेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. अवघं चार वर्षांचं अंतर. तिकडे कोकणात दगडावर तिळाएवढी जागा कोरीव कामाविना सोडली नव्हती, आणि इकडे राजाचा जवळचा माणूस कमानीला चार रेघासुद्धा न काढता काम उरकत होता. पण तारखेसाठी दोघांचाही भरवसा दगडावरच.

वाचलं कशामुळे

ओडानंतर जमीन राजाकडे गेली. एडवर्डने डिअरहर्स्टची वाटणी केली: मठ आणि त्याची मालमत्ता पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या मठाला, उरलेला भाग वेस्टमिन्स्टर ॲबीला. चॅपेलची जागा वेस्टमिन्स्टरच्या वाट्याला आली, आणि ‘ॲबट्स कोर्ट’ या नावातला ॲबट तो वेस्टमिन्स्टरचा. मालक दूर लंडनला, गावात त्यांचा कारभार. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, त्या उलथापालथीच्या शतकात चॅपेलमधली उपासना थांबली. सतराव्या शतकापर्यंत ते घर झालेलं होतं.

याच टापूत त्या वादळातून तीन वास्तू तीन वाटांनी बचावल्या. ट्यूक्सबरीचा प्रचंड मठ १५४० मध्ये राजाकडे गेला, तेव्हा गावकऱ्यांनी ४५३ पौंड मोजून चर्च विकत घेतलं. आमचं गावचर्च आहे, पाडायचं नाही, म्हणाले. डिअरहर्स्टचं सेंट मेरीज गावाच्या उपासनेचं ठिकाण असल्यामुळे राहिलं. ओडाच्या चॅपेलसाठी कोणी पैसे मोजणार नव्हतं, कोणाची उपासना अडणार नव्हती. अशा वास्तूचं साधारण भविष्य ठरलेलं असतं: आधी छपराचं शिसं किंवा कौलं जातात, मग पाणी मुरतं, मग गवंडी येऊन घडीव चिरे उचलून नेतात. फळबागेत पडलेली शिळा आणि घराच्या कामात लागलेला वेदीचा दगड हे त्याच वाटेवरचे पहिले दोन टप्पे होते.

ती वाट तिथेच थांबली, कारण कोणाला तरी घर हवं होतं. घर म्हटलं की छप्पर गळून चालत नाही. चुलीचा धूर, पोराबाळांचा वावर, दर हिवाळ्याआधी होणारी डागडुजी: कोणत्याही खात्याच्या वार्षिक तरतुदीपेक्षा ही देखभाल भरवशाची ठरली. भक्तीने नव्हे, गरजेने चॅपेल राखलं. वारसा म्हटला की आपण श्रद्धा, अस्मिता वगैरे शब्द काढतो. इथे मात्र एका कुटुंबाला कोरडी खोली लागत होती, एवढंच.

संरक्षण म्हणजे काय काय काढून टाकणं

शोध लागल्यावर प्रश्न उभा राहिला तो आजही प्रत्येक जुन्या वास्तूपुढे उभा राहतो. कोणता थर ठेवायचा? आणि योगायोग असा की इंग्लंडमधला हा वाद पेटला तो डिअरहर्स्टच्या शेजारीच. १८७७ मध्ये सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ट्यूक्सबरी ॲबीचा ‘जीर्णोद्धार’ करायला निघाले, तेव्हा लेखक आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी साप्ताहिकातून जाहीर विरोध केला आणि त्याच वर्षी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली. मॉरिस यांचं म्हणणं थोडक्यात असं: मूळ रूप परत आणण्याच्या नावाखाली मधल्या शतकांचं काम खरवडून काढू नका, छप्पर नीट ठेवा, गळती बुजवा, रोजची निगा राखा.

या कसोटीला ओडाचं चॅपेल अडचणीचं ठरतं. मुख्य दालनातला मजला, गिलावा, संसाराच्या खुणा हे सगळं पुढे टप्प्याटप्प्याने निघालं, तेव्हाच १७ फुटांची उंची आणि कमान पुन्हा दिसू लागली. ज्या स्वयंपाकघराने भिंती वाचवल्या, त्याची मात्र आत खूणही फारशी उरली नाही. मला हे खटकतं. त्याच वेळी हेही कबूल केलं पाहिजे की मजला ठेवला असता तर दालनाची ती उभट ठेवण कोणालाच अनुभवता आली नसती, आणि भिंतीची मोजपट्टी म्हणून जी किंमत आहे ती गिलाव्यामागेच राहिली असती. ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी १०५६ निवडलं. दुसरी निवड करणं मलाही जमलं नसतं, पण तिची किंमत मांडलेली असावी असं वाटतं.

तडजोड एक झाली, आणि ती या जागेची सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. लाकडी चौकटीचं शेतघर पाडलं नाही. बाहेरून पाहिलं की पश्चिमेला करडा दगड, आणि त्याला खेटूनच पूर्वेला काळ्या लाकडांमधे पांढरा गिलावा भरलेली घराची भिंत. सांधा लपवलेला नाही. मधली तीनशे वर्षं कळायला तो एक सांधा पुरतो.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर हा सांधा सीमारेषा आहे. ब्रिटनचा पहिला प्राचीन स्मारक कायदा १८८२ चा. त्याची यादी मुख्यतः प्रागैतिहासिक शिलावर्तुळं आणि दफनटेकड्यांची होती, आणि मालकाची मर्जी नसेल तर सरकारचे हात बांधलेले. मध्ययुगीन इमारतींना दार उघडलं ते १९०० मध्ये. दात असलेला कायदा आला १९१३ मध्ये, आणि त्याच्या मागे रेटा होता लॉर्ड कर्झन यांचा. हो, तेच कर्झन. १९०४ मध्ये भारतात प्राचीन स्मारक संरक्षण कायदा करून ते परतले, १९११ मध्ये लिंकनशायरमधला टॅटरशॉल किल्ला विकत घेऊन वाचवला आणि मग मायदेशी कायद्यासाठी जोर लावला. वसाहतीत आधी केलेल्या कायद्याचा धडा मालकाच्या देशात नंतर गिरवला गेला, हा या विषयातला मला आवडणारा उलटा प्रवास आहे.

पण या ब्रिटिश कायद्यांत दोन मोठ्या पळवाटा मुद्दाम ठेवल्या होत्या. ज्या चर्चमध्ये उपासना चालू आहे ते वगळलं, कारण त्याची व्यवस्था चर्चच्या स्वतःच्या नियमांनी होते. आणि ज्या इमारतीत माणसं राहतात तीही वगळली, कारण राहत्या घरात सरकारने शिरणं कोणालाच रुचलं नसतं. १९७९ चा सध्याचा कायदाही तीच चौकट पाळतो. ओडाच्या चॅपेलवर हे लावून पाहा. प्रार्थना चालू असती तर ते या कायद्याखाली आलं नसतं. चूल चालू असती तरी नसतं. संरक्षित स्मारक होण्यासाठी त्याला देवाचंही राहता आलं नाही आणि माणसांचंही. म्हणजे आठशे-नऊशे वर्षं ज्या दोन गोष्टींनी ते जगलं, त्या दोन्ही सोडून दिल्यावरच त्याला सरकारी आसरा मिळाला. शेजारचं ॲबट्स कोर्ट आजही खाजगी घर आहे. भिंतीच्या अलीकडे स्मारक, पलीकडे संसार.

आपल्या कायद्याने ही गाठ वेगळी सोडवली. अंबरनाथचं मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि तिथे पूजाही चालू आहे. १९५८ च्या कायद्यात त्याला जागा आहे. त्यातून दूध, तेल, शेंदूर, गर्दी असे वेगळे ताप होतात. रिकाम्या चॅपेलला ते ताप नाहीत. त्याला दुसरा आहे.

नदी. सेव्हर्न आणि एव्हन यांचा संगम ट्यूक्सबरीला, आणि डिअरहर्स्ट त्याच्या खालच्या अंगाला सखल पूरमैदानात. हिवाळ्यात पाणी चढलं की गावाकडे येणारा रस्ता बुडतो. २००७ च्या जुलैमधला पूर त्या भागात अजून विसरलेला नाही. अशा ठिकाणी जुन्या दगडी भिंतीला चुन्याचाच गारा लागतो, कारण चुना ओल घेतो तशी सोडतोही. सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि दगडच भुगा होऊ लागतो. पूर्वी आत चूल होती, भिंती आतून शेकत होत्या. आता ते काम वाऱ्यावर आणि चुन्यावर सोपवलेलं आहे.

आत आज बघायला तसं काही नाही. वेदी नाही, बाकं नाहीत. शिळेची प्रतिकृती आहे, मूळ शिळा ऑक्सफर्डला. लॅटिन अक्षरांतून ‘राजगृह’ हे शब्द शोधता येतात, आणि ते कोणत्या राजाचं, एडवर्डचं की स्वर्गातल्या, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. थोड्या अंतरावरच्या सेंट मेरीजमध्ये मात्र उपासना चालू आहे, आणि ती चालू आहे तोवर ते चर्च या कायद्याच्या बाहेर आहे.